घरची प्रत

माझ्यावर ज्यांचे सर्वांत जास्त उपकार आहेत त्यांचं नाव नामदेव इंगोले.

आईबापाचं नाव आधी घ्यावं हे मला कळतं. पण त्यांनी मला शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडलं, त्यापुढचा रस्ता त्यांनीच पाहिलेला नव्हता. तो दाखवला इंगोले सरांनी. आज मी पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहिणाऱ्या वीस-बावीस जणांचं काम पाहतो. आमच्या बंजारा तांड्यातला पहिला इंजिनिअर म्हणून गावाकडे माझं नाव घेतात. या सगळ्याची सुरुवात दारव्ह्याच्या एका शाळेतल्या शिवणाच्या खोलीत झाली. हे मी पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे, आणि दरवेळी अर्धंच सांगितलं आहे.

सर कार्यानुभवाचे शिक्षक. टकळीवर सूत काढणं, वह्यांची बांधणी, शिवण, भरतकाम हे त्यांचे विषय. ज्या विषयात कोणी नापास होत नाही त्या विषयाच्या शिक्षकाला शाळेत जेवढा मान असतो तेवढाच त्यांना होता. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर त्यांचा तास मागून घ्यायचे आणि सर "घ्या, घ्या" म्हणून देऊन टाकायचे. अंगाने बारीक, पांढरा सदरा, गळ्यात मोजपट्टी. ती काढायची त्यांना आठवण राहत नसे. पालकसभेला असायची, एकदा झेंडावंदनालाही होती. कॉलरच्या आतल्या बाजूला दोरा ओवलेली सुई खोचलेली. मैदानात कोणाचा खिसा फाटला की पोरगं सरांकडे जायचं. सर त्याच्या तोंडात काडी धरायला देऊन अंगावरच टाके घालायचे. "हालू नको, नाही तं तुलेच सदऱ्यासंगं शिवून टाकीन."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा सरकारच्या कुठल्याशा योजनेतून शाळेला एक संगणक मिळाला. एक जाडजूड कळफलक, टीव्हीसारखा पडदा आणि गाणी ऐकायचा असतो तसाच एक टेपरेकॉर्डर. विज्ञानाच्या सरांनी जबाबदारी नको म्हणून अंग काढून घेतलं. हेडसरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "इंगोले, शिवणाची मशीन तुमच्याचकडे आहे ना? मग हीपण मशीनच आहे. ठेवून घ्या."

असा तो संगणक शिवणाच्या खोलीत आला. सर नागपूरला दहा दिवस शिकायला जाऊन आले, एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले आणि शेजारी शब्दकोश ठेवून त्यांनी ते सगळी उन्हाळ्याची सुट्टी वाचलं. शाळा उघडल्यावर पहिलं काम काय केलं, तर यंत्राला मांजरपाटाचं आवरण शिवलं, चारी कोपऱ्यांना नाड्या लावून. मग आम्हाला म्हणाले, "शिवण्याची मशीन पायानं चालते, हे डोक्यानं चालते. फरक एवढाच हाय. दोन्ही ठिकाणी दोरा तुटला की पहिलेपासून पाहा लागते."

एक यंत्र, पन्नास पोरं आणि दिवसातून चार वेळा जाणारी लाईन. एका मुलाच्या वाट्याला आठवड्यात दहा मिनिटंसुद्धा यायची नाहीत. म्हणून सरांनी स्वतःची एक रीत काढली होती. प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा आणि कागदावरच चालवायचा. एकानं मशीन व्हायचं, दुसऱ्यानं त्याला आपला कागद वाचून दाखवायचा. मशीन झालेल्यानं लिहिलं आहे तेवढंच करायचं, त्याच्या पुढचं-मागचं काही नाही.

पहिल्या दिवशी विलास नावाचा माझा मित्र मशीन झाला. माझा कागद होता, माठातलं पाणी प्यायचा. माठापर्यंत जा, ग्लास बुडव, ग्लास वर उचल, ओत. विलासनं ग्लास डोक्यापर्यंत उचलला आणि स्वतःच्या सदऱ्यावर ओतला. मग परत बुडवला, परत ओतला, कारण थांब असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. वर्ग लोळायला लागला. पाचव्या ग्लासाला मी ओरडलो, "सर, माझ्या मनात तोंडात ओत असं होतं!"

"मनात काय होतं ते नको सांगू बावा," सर म्हणाले. "काय लिहिलं ते दाखव. मशीन मनातलं ओळखत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल. चूक सापडली की ते 'चुकलं' म्हणत नसत. भरतकामातलाच शब्द वापरायचे, "उसव." कुठल्या टाक्यापासून वाकडं गेलं ते शोधायचं, तिथपर्यंत उसवायचं आणि पुन्हा घालायचं. आजही कंपनीत नवी मुलं घाबरी होऊन माझ्याकडे आली की माझ्या तोंडून निघतं, "उसवा." ती एकमेकांकडे बघतात.

लिहिलेला प्रोग्राम कॅसेटमध्ये भरून ठेवायचा असे. यंत्र आकड्यांचा आवाज करायचं, किर्रर्र असा, आणि रेकॉर्डर तो टेपवर घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तीच टेप लावली की यंत्र आवाज ऐकून सगळं पुन्हा आठवायचं. कॅसेट गेली की काम गेलं. म्हणून सरांचा नियम होता, "एक शाळेत, एक घरी." प्रत्येक महत्त्वाच्या कामाच्या दोन प्रती. शाळेतली कपाटात, आणि घरची एखाद्या भरवशाच्या पोराकडे. "शाळेत उंदीर हायेत, ओल हाय. दोन्हीकडं एकदम आग लागत नाही."

घरची प्रत कोणाकडे जाते याकडे सगळ्या वर्गाचं लक्ष असायचं. नववीत ती माझ्याकडे आली.

त्या कॅसेटमध्ये काय होतं ते सांगायला हवं. यंत्राला इंग्रजीशिवाय काही लिहिता येत नसे. सरांना ते फार लागलं. "आपल्या पोट्ट्यायचं नाव आपल्या अक्षरात काहून येऊ नये?" पुस्तकात त्यांना सापडलं की एका अक्षराची जागा म्हणजे आठ आडव्या, आठ उभ्या ठिपक्यांचा चौकोन, आणि ते ठिपके आपल्याला हवे तसे पेटवता येतात. सरांना हे कोणी समजावून द्यावं लागलं नाही. दुसुती कापडावर ते आयुष्यभर तेच करत आले होते. त्यांनी एक लांब दुसुती घेतली आणि लाल दोऱ्यानं अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं भरायला बसले, प्रत्येक आठ टाके बाय आठ टाक्यांत. मात्रा, वेलांट्या वेगळ्या. मग आम्ही त्या कापडावरून टाके मोजायचो, प्रत्येक ओळीचा एक आकडा काढायचो. एका अक्षराचे आठ आकडे. पन्नासाच्या वर अक्षरं. जवळजवळ वर्ष गेलं त्यात. जोडाक्षरांनी फार छळलं. एक दिवस सर मला म्हणाले, "चव्हाण, तुह्या आडनावातल्या त्या व्हा नं माह्ये दोन दिवस खाल्ले. पाटील असतास तं काय बिघडलं असतं?"

अक्षरं पुरी झाली त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी माझे वडील शाळेशी आले होते, मला पिशवी द्यायला. सरांनी त्यांना आत बोलावलं. बा दारातच चपला काढून उभे राहिले. सरांनी कळा दाबल्या आणि पडद्यावर हिरव्या ठिपक्यांत आलं, थावरा चव्हाण. बांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ते दारातून पडद्याजवळ आले.

"हे बंद केल्यावर पुसून जाईन नं गुरुजी?"

"नाही. हे आता कॅसेटात भरून ठेवतो. मशीन बंद झाली तरी राहीन."

ती कॅसेट सरांनी माझ्या हातात दिली, कापडाच्या शिवलेल्या खोळीत घालून. देण्याआधी तिच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही दात मोडले. दात मोडले की टेपवर दुसरं काही भरता येत नाही. "फक्त तिथं कागदाचा बोळा कोंबू नको," ते हसत म्हणाले, "कोंबला की भरता येते. गाणे भरणारे तसंच करतात."

त्या वैशाखात माझ्या बहिणीचं, शांतीचं लग्न होतं. मामा पुसदकडून टेपरेकॉर्डर घेऊन आले होते, त्याचा तांडाभर बोलबाला होता. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. शब्द तिचे तिनंच जुळवायचे असतात. मामांना ते भरून ठेवायचं होतं आणि ऐन वेळी त्यांच्या कॅसेटची टेप आत गुंडाळली गेली. "कोणाकडं कॅसेट हाय का रे?" मामांनी मांडवात विचारलं. सगळ्या तांड्यात कॅसेट फक्त माझ्याकडे होती. ती आपल्याकडे आहे हे सगळ्यांना दिसावं असं मला वाटलं. खरं कारण एवढंच होतं, दुसरं काही नाही.

मामांनी आधी ती लावून पाहिली. किर्रर्र आवाज आला आणि मांडवात हशा पिकला. "ई तो खराब छ रे," मामा म्हणाले.

तो आवाज म्हणजे अक्षरं आहेत, त्यात माझ्या बापाचं नाव आहे, हे तिथं सांगितलं असतं तर आणखी हसले असते असं मला वाटलं. मी म्हणालो, "हां मामा, खराबच छ."

आणि कागदाचे दोन बोळे मीच कोंबले.

शाळा सुरू झाल्यावर सांगू म्हणून ठरवलं होतं. जूनमध्ये सांगितलं नाही. जुलैत सांगितलं नाही. शाळेतली प्रत होतीच, घरची कोणी मागत नव्हतं. दिवाळीनंतर कळलं की जिल्ह्याहून एक साहेब संगणकाचं काम बघायला येणार. पसंत पडलं तर शाळेला आणखी यंत्रं मिळणार होती आणि सरांना कायमचं संगणकाचे शिक्षक करणार होते. सरांनी कोणाला काही बोलून दाखवलं नाही, पण मोजपट्टी आठवणीनं काढून ठेवायला लागले. आम्हाला त्यावरून समजलं.

साहेब बुधवारी यायचे होते. सोमवारी शाळेतली कॅसेट रेकॉर्डरनं खाल्ली. टेप बाहेर आली, चुरगळली, तुटली. आमची तोंडं उतरली. सर मात्र शांत. "मंग दोन प्रती कायले करतो आपण? चव्हाण, उद्या घरची आण."

मंगळवारी मी रिकाम्या हातानं गेलो. "सर, विसरलो."

"विसरलास? बरं, उद्या सकाळी आण. पण आता विसरू नको बावा."

मी विसरलो नव्हतो. कॅसेट मंगळवारी नेली असती तर सरांनी ती लगेच लावून पाहिली असती. त्या मंगळवारी, कॅसेट पुसली गेली आहे, एवढे चार शब्द मी बोललो असतो तर काय झालं असतं याचा हिशेब मी नंतर अनेकदा केला आहे. दुसुती कापड कपाटात होतं. एकानं टाके मोजून आकडे सांगायचे, एकानं टाइप करायचे. चार तास, फार तर पाच. सगळी अक्षरं परत आली असती. सर मला रागावलेही नसते, "उसव" म्हणाले असते.

मी त्याऐवजी लाईन जावी म्हणून तांड्यावरच्या देवीला नारळ बोललो. रोज चार वेळा जाणारी लाईन त्या बुधवारी एकदाही गेली नाही.

साहेब, हेडसर, सगळे शिक्षक दाटीवाटीनं शिवणाच्या खोलीत उभे होते. मी कॅसेट आणली ती अगदी शेवटच्या क्षणी. सर म्हणाले, "साहेब, तुमचं नाव आपल्या अक्षरात काढून दाखवतो," आणि कळ दाबून टेप चालू केली. पडद्यावर 'सर्चिंग' असा शब्द आला. म्हणजे यंत्र शोधत होतं. एक मिनिट गेलं, तीन गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. टेप नीट वाजते की नाही हे पाहायची सरांची एक सवय होती, रेकॉर्डरमधून वायर उपसून आवाज ऐकायचा. त्यांनी वायर उपसली.

खोलीत शांतीचं रडणं भरलं. ती माझ्याच गळ्यात पडली होती तेव्हाचा तुकडा होता तो. "वीरेणा," म्हणजे भाऊराया, अशी हाक मारून हुंदके देत गात होती. पडद्यावर यंत्र अजून शोधतच होतं.

साहेब मोठ्यानं हसले. "इंगोले, तुमचा संगणक सासरी निघाला वाटतं!" मग सगळ्यांनीच हसून घेतलं.

शाळेत निम्मी मुलं तांड्यांवरची. सरांना आमची बोली कळायची. त्यांनी कॅसेट बाहेर काढली, पाठीवरच्या कागदाच्या बोळ्यांवरून अंगठा फिरवला आणि एकदाच, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "माह्यीच चूक झाली साहेब. घाईत गाण्याची कॅसेट लागली."

"तुम्ही टकळीच सांभाळा," हेडसर म्हणाले.

यंत्र हेडसरांच्या खोलीत गेलं. सरांनी शिवलेलं आवरण त्यावर तसंच राहिलं, वर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी आली. पोरांनी सरांचं नाव ढावलो सर पाडलं. मधल्या सुट्टीत कोणी तसं ओरडलं की सगळे हसायचे. मी हसलो नाही असं लिहायला हात शिवशिवतो आहे, पण मी हसलो होतो.

आठवड्यानं सरांनी मला बोलावलं. शिवणाच्या खोलीत ते एकटेच होते, संगणकाच्या रिकाम्या टेबलावर वह्यांना खळ लावत होते. कॅसेट त्याच कापडी खोळीत होती. त्यांनी ती काढली, कॉलरमधली सुई घेतली आणि सुईच्या टोकानं कागदाचे दोन्ही बोळे उकरून बाहेर काढले.

"घे. आता याच्यावर काही भरता येणार नाही. मायले दे. लेकीचा आवाज हाय, पुसू देऊ नको."

मी घेतली. सर माझ्याकडे बघत होते.

"काही सांगाचं हाय का, चव्हाण?"

"नाही सर."

"बरं," म्हणाले आणि खळीचा ब्रश उचलला.

त्यांनी माझ्यावरचा लोभ कमी केला असता तर मला सोपं गेलं असतं. तसं त्यांनी केलं नाही. "मशीन गेली तं गेली, कागद कोणी नेला का?" म्हणाले, आणि दहावी संपेपर्यंत, बांधणीच्या तासाला बाकीची पोरं वह्या शिवत असताना, माझे प्रोग्राम कागदावर चालवून घेत राहिले. ते स्वतः मशीन व्हायचे. साठीकडे झुकलेला नाही, पण केस पांढरे झालेला तो माणूस मी लिहिलेल्या चुकीनुसार भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि मी उसवून दुरुस्त करेपर्यंत हालायचा नाही. पॉलिटेक्निकचा अर्ज त्यांनीच आणला आणि त्यांनीच भरला. मला प्रवेश मिळाला त्या दिवशी त्यांनी माझ्या नव्या पॅन्टची मोहरी उसवून दोन बोटं लांब करून दिली, "अजून वाढशीन" म्हणून. दुसुतीवरची ती अक्षरं यंत्रात पुन्हा कधीच गेली नाहीत.

बा मात्र अधूनमधून विचारायचे, "ते माह्यं नाव अजून हाय का त्याच्यात?" मी "हाय" म्हणायचो. ते गेले त्याच्या वर्षभर आधीसुद्धा विचारलं होतं.

शांती आता आजी झाली आहे. ती कॅसेट ऐकली की हसून लोटपोट होते. "फेकून दे रे ती, किती बेसूर रडली मी." तिला मी काही सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी शाळेनं माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला. मीही होतो. सर तिसऱ्या रांगेत बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पाठ वाकलेली, मांडीवर कापडी पिशवी. मी आधी त्यांच्या पाया पडलो, मग व्यासपीठावर गेलो. बोलताना सरांचं खूप कौतुक केलं. माठाची गोष्ट सांगितली, टाळ्या मिळाल्या. टाळ्या मिळाल्या की माणूस पुढची गोष्ट शोधतो. आणि मी म्हणालो, "एकदा तर साहेबांच्या समोर आमच्या सरांनी चुकून लग्नाच्या गाण्याची कॅसेट लावली, आणि संगणक रडायलाच लागला!"

सभागृह खळखळून हसलं. सरही हसले. तोंडासमोर रुमाल धरून, सगळ्यांच्या बरोबरीनं, जरा उशिरा थांबले.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना सोडायला बाहेर आलो. त्यांना घाटंजीला जायचं होतं, तिथं ते आता मुलाकडे राहतात. रस्त्यावर जीप भरत होती. ड्रायव्हरनं "या गुरुजी, समोर बसा" म्हणून जागा केली. पाण्याची बाटली काढायला त्यांनी पिशवी उघडली तेव्हा आतली घडी दिसली. पिवळी पडलेली दुसुती. घडीच्या कडेला लाल टाक्यांत अर्धं अक्षर दिसत होतं. कोणी दाखवा म्हणालं असतं तर दाखवायला आणली असावी. सत्काराच्या त्या सभेत त्यांना कोणी काही दाखवायला सांगितलं नव्हतं.

"चांगलं बोललास," ते म्हणाले. "आता बोलता येऊन राह्यलं तुले."

जीप हलली. दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरलेली, म्हणून त्यांना हात हलवता आला नाही. नुसती मान हलवली.

त्यानंतर चार महिन्यांनी मी हे पत्र पाठवलं.

आदरणीय सर,

सा. न.

कॅसेट मी पुसली. शांतीच्या लग्नात, कागदाचे बोळे कोंबून. मामा ती खराब आहे म्हणाले तेव्हा मीही हो म्हणालो. मंगळवारी मी विसरलो नव्हतो. कॅसेट गादीखाली होती आणि तिच्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. मंगळवारी सांगितलं असतं तर बुधवारपर्यंत तुम्ही सगळी अक्षरं पुन्हा घातली असती, हेही ठाऊक होतं. तुम्ही साहेबांसमोर स्वतःची चूक म्हणालात. मी तिथंच, माठाशेजारी उभा होतो.

सभेत मी ती चूक पुन्हा तुमच्या नावावर घातली, तीही लोकांना हसवण्यासाठी. तुम्ही समोर बसला होता.

तुम्हाला हे सगळं पहिल्यापासून माहीत आहे, म्हणून लिहायची गरज नाही असं मी पस्तीस वर्षं स्वतःला सांगत आलो. माफी मनात होतीच. पण मनात काय होतं ते तुम्ही कधी धरलं नाही, काय लिहिलं ते दाखव म्हणायचात. म्हणून लिहितो आहे. पाठवण्याआधी हा कागद तीन वेळा चालवून पाहिला. दोनदा त्यात "मी लहान होतो" असं आलं होतं. तिथपर्यंत उसवलं.

तुम्ही विचारलं होतं, काही सांगायचं आहे का. हो सर, सांगायचं होतं.

येत्या रविवारी घाटंजीला येतो. माझा लॅपटॉप घेऊन येईन. तुम्ही दुसुती काढून ठेवाल का? टाके तुम्ही मोजा, आकडे मी घालतो. पहिलं नाव बांचं घालू, दुसरं तुमचं. आणि येऊ नको म्हणालात तर येणार नाही.

आपला विद्यार्थी,
सुभाष थावरा चव्हाण

ता. क. या पत्राच्या दोन प्रती केल्या आहेत. एक शाळेत पाठवली आहे, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर वाचून दाखवा अशी विनंती करून. ही घरची.